बांबोळीक व्हेल्यानी

सावंतवाडीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कुणाच्या खळ्यात आजारपणाची बातमी निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बांबोळीक व्हेल्यानी", म्हणजे बांबोळीला नेलं. त्यावर कोणी फार विचारत नाही. आजार मोठा आहे, इथे निभावलं नाही, घरातलं एक कमावतं माणूस सोबत गेलंय आणि कुणाकडून तरी पैसे उसने घेतलेत, हे सगळं त्या दोन शब्दांतच कळतं. बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. पोर्तुगीज अमदानीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं, सावंतवाडीहून सुमारे 60 किलोमीटरवरचं आणि दुसऱ्या राज्यातलं.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग कागदावर मागास दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 8,49,651 आणि साक्षरता 85 टक्क्यांच्या वर. अशा जिल्ह्याची सरासरी चांगलीच येते, पण सरासरीला वाडी दिसत नाही. सह्याद्रीच्या उतारावरच्या धनगरवाड्यात पावसाळ्यात ओहोळ भरला की आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यभर धावते, पण ती येते रस्ता असेल तिथवर.

ताप कुणाच्या वाट्याला येतो?

2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात तापाने माणसं आडवी पडू लागली. हा निघाला माकडताप. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात 1957 साली तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि सह्याद्रीच्या अंगाने सरकत 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात पोचला होता. 2017 मध्ये तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास दिसला.

काजूच्या बागेतली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. झाडाखाली पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा थर असतो. कामाला आलेली बाई वाकून बोंड उचलते, पिळून बी वेगळी करते, टोपलीत टाकते आणि पुढे सरकते. दिवसभर तिचे हात आणि पोटऱ्या त्या पातेऱ्यातच असतात. तापाने माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून अशाच पातेऱ्यात पसरतात. गोचिडीचं पिल्लू तिळाहून लहान असतं. चावलेलं कळत नाही. काही दिवसांनी एकाएकी ताप भरतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, अंग ठणकतं, उलट्या होतात. काहींना रक्तस्राव होतो. काहींना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा उलटतो आणि मेंदूपर्यंत जातो. या तापाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. वेळेवर निदान, सलाईन आणि जवळून देखरेख यावरच सगळं अवलंबून असतं. कर्नाटकात वर्षानुवर्षं टोचलेली लस पुरेशी गुणकारी ठरली नाही. नव्या लसीचं काम अजून चालू आहे.

बागेचा मालक या पातेऱ्यात क्वचितच वाकतो. वाकतात ती रोजंदारीवरची माणसं, जळणासाठी रानात जाणाऱ्या बायका आणि गोरवांमागे फिरणारे गुराखी. ताप आला तरी काजूचा हंगाम थांबत नाही, म्हणून ही माणसं ताप अंगावर काढतात. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, त्याच्यासाठी डॉक्टरकडे जाणं हाच पहिला खर्च असतो.

तीन उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी 1994 मध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंचा विचार करताना तीन उशीर सांगितले: जायचं ठरवायला होणारा, पोचायला होणारा आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा. आमच्याकडे तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात. आधी ताप अंगावर काढला जातो. मग वाडीतून तालुक्याला यायचं असतं. तिथे तज्ज्ञ नसले की बांबोळीची चिठ्ठी मिळते आणि पुन्हा गाडी, पुन्हा 60 किलोमीटर.

जानेवारी 2018 मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा हे दुखणं उघड्यावर आलं. मार्चमध्ये दोडामार्गात 'आरोग्याचा जनआक्रोश' हे आंदोलन उभं राहिलं. आपल्या इस्पितळात आधी आपल्या माणसांना जागा हवी, हे गोव्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण इथली शेकडो मुलं रोज सीमा ओलांडून गोव्यात कामाला जातात. त्यांच्या श्रमाला चालणारी सीमा त्यांच्या आजारी आईला का अडवते, हा प्रश्नही खराच होता. आंदोलकांची एक मागणी मला जास्त मोलाची वाटते: आमच्या जिल्ह्यातच चांगलं इस्पितळ द्या.

त्यानंतर काही घडलंही. जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले. हे मोठं पाऊल आहे. पण गाडीभाडं, सोबत्याचं जेवण आणि दोघांचा बुडालेला रोज मोफत होत नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या ग्लिनकोरग गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये लिहून ठेवलं की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. ते लिहीत होते कोळशाच्या खाणींच्या गावातून. काजूच्या बागांना ते तसंच लागू पडतं.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा काजू मोहरायच्या बेतात असतील. पाठोपाठ गोचिडीचा हंगाम येईल. तोवर गोचिडीपासून बचावासाठी अंगाला लावायचं तेल वाडीवाडीत पोचायला हवं. मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी घेतली जावी, तापकऱ्याचं रक्त गावाजवळच तपासणीला घेतलं जावं आणि तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञाची जागा भरलेली असावी. मोठ्या इस्पितळात पाठवावंच लागलं, तर चिठ्ठीबरोबर जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला रोजही मिळावा. काजूची बी वेचणारी ती बाई पहिल्याच दिवशी, रोजाची चिंता न करता दवाखान्याची पायरी चढली, तर तिच्याबद्दल कुणाच्या खळ्यात "बांबोळीक व्हेल्यानी" म्हणायची वेळ बहुधा येणार नाही.