प्रमाणपत्र कुणाच्या लेखी प्रमाण? परदेशात शिक्षक होण्याचे मार्ग
(डिंगोरे, ता. जुन्नर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

बी.एड. झालेली किंवा करत असलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "सर, बाहेर शिकवायला जायचंय, कुठला कोर्स करू?" प्रश्न चांगला आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. आपल्या डिंगोऱ्यातून कोकणात उतरायचं असेल, तर आधी गाव कुठलं ते ठरतं आणि मग घाट ठरतो. गाडीने जाणारा माळशेजने जाईल, पायी जाणारा नाणेघाटाने. कुठे जायचंय हे न सांगता "कुठला घाट चांगला?" असं विचारलं, तर उत्तर कुणाला देता येणार?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सुरुवात शब्दापासून करतो. 'प्रमाणपत्र' या शब्दात 'प्रमाण' आहे. ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. मीमांसक म्हणाले, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते खोटं ठरलं तर बाहेरच्या कारणाने ठरतं. नैयायिक म्हणाले, नाही, त्याचं प्रामाण्य दुसऱ्या कशाने तरी पटावं लागतं. तहान लागलेल्याला लांबून पाणी दिसलं, तर जवळ जाऊन ते पिता आलं पाहिजे. याला परतःप्रामाण्य म्हणतात. ज्ञानाबद्दल कुणाचं खरं, हा वाद आज नको. पण प्रमाणपत्राच्या बाबतीत नैयायिकांचंच खरं आहे. कागदावर शिक्का किती मोठा आहे याला महत्त्व नाही. ज्याच्या दारात तो कागद न्यायचा, तो स्वीकारतो की नाही, एवढंच बघायचं.

आता तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण जाहिरातीत त्या एकत्र कालवलेल्या असतात. पहिली, शिक्षक-प्रशिक्षणाची पदवी, म्हणजे आपलं बी.एड. दुसरी, त्या-त्या देशाचा किंवा राज्याचा अध्यापनाचा परवाना. तिसरी, एखाद्या कौशल्याचं प्रमाणपत्र, उदाहरणार्थ इंग्रजी परभाषा म्हणून शिकवण्याचं. पहिल्या गोष्टीच्या जोरावर दुसरी मिळू शकते. तिसरीच्या जोरावर दुसरी सहसा मिळत नाही. आणि यातल्या कुठल्याही गोष्टीने व्हिसा आपोआप मिळत नाही, नोकरीही नाही.

आखाती देशांपासून सुरू करू. तिथे सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा बऱ्याच आहेत आणि तिथे विषयाची पदवी आणि बी.एड. हीच मुख्य शिदोरी असते. कष्ट पडतात ते कागद साक्षांकित करून घेण्याचे: आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयात, आणि संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशासाठी पुढे त्यांच्या दूतावासात. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा होता असं आपण ऐकत आलो आहोत. हे तसंच आहे, प्रत्येक नाक्यावर थांबावं लागतं. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी काम अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे आधी बघून घ्यावं.

दुसरा मार्ग इंग्लंडचा. तिथे परवान्यासारखी जी मान्यता आहे, तिला क्यूटीएस म्हणतात. फेब्रुवारी 2023 पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना तिच्यासाठी थेट अर्ज करता येऊ लागला, पण सरसकट सगळ्यांना नाही. गणित, विज्ञान किंवा भाषा हा विषय आणि 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण, ही अट घातली गेली. शिवाय किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणजे गणिताची पदवी, बी.एड. आणि अनुभव असलेल्या मुलीने दुसरा महागडा कोर्स घेण्याआधी हा अर्ज बघायला हवा. इतिहासाच्या शिक्षकाला मात्र हे दार उघडं नाही.

इथे दोन नावांचा गोंधळ होतो. आयक्यूटीएस हा ब्रिटिश शिक्षण खात्याची मान्यता असलेला, इंग्लंडबाहेर राहून करता येणारा अभ्यासक्रम आहे आणि त्यातून क्यूटीएसकडे जाता येतं. आंतरराष्ट्रीय पीजीसीई ही विद्यापीठाची शैक्षणिक पात्रता आहे. ती चांगली असेल, आंतरराष्ट्रीय शाळांत तिला मानही असेल, पण नुसत्या तिच्यावर क्यूटीएस मिळत नाही. दोन्ही नावं सारखी वाटतात, फीचे आकडेही लाखांत असतात. दोरीला साप समजण्याची चूक स्वस्तातली असते, ही नसते.

तिसरा मार्ग ऑस्ट्रेलियाचा. स्थलांतरासाठी शिक्षकांची पात्रता तपासणारी एआयटीएसएल ही संस्था हिशेब स्पष्ट मांडते. एकूण किमान चार वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात किमान एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण आणि देखरेखीखाली किमान 45 दिवस वर्गाध्यापन. आयईएलटीएस शैक्षणिक परीक्षेत वाचन-लेखनात 7 आणि श्रवण-संभाषणात 8. आपली तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड. मिळून वर्षांची बेरीज होते, पण ती पदवी तिथल्या तोडीची आहे का, हे वेगळं तपासलं जातं. खरी अडचण येते ती 45 दिवसांची. बी.एड.ची आंतरवासिता म्हणजे नुसत्या सह्या, असं काही ठिकाणी चालतं. इथल्या परीक्षेत ते खपून जातं. तिथे मात्र महाविद्यालयाच्या पत्रात दिवस मोजून लिहून द्यावे लागतात. म्हणून सध्या बी.एड. करणाऱ्यांना सांगतो, पाठांचे दिवस खरोखर भरा, शाळेच्या शिक्क्यानिशी नोंद ठेवा आणि अभ्यासक्रमाचा तपशील महाविद्यालय सोडण्याआधीच मागून घ्या.

अमेरिकेत देशाचा असा एक परवाना नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. बरेच शिक्षक जे-1 या विनिमय योजनेतून जातात. तिला किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. मुदत तीन वर्षं, वाढवून जास्तीत जास्त पाच. पुन्हा याच योजनेतून जायचं तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर राहावं लागतं. म्हणजे ही स्थायिक होण्याची वाट नाही, जाऊन परत येण्याची आहे. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

राहिलं इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र. केंब्रिजची सेल्टा ही त्यातली नावाजलेली परीक्षा. साधारण 120 तासांचा अभ्यासक्रम आणि सहा तास प्रत्यक्ष अध्यापन. "120 तासांचा ऑनलाइन कोर्स" अशी जाहिरात दिसली, की त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोरचे ते सहा तास आहेत का, एवढंच विचारा. शिवाय काही देश, चीन त्यात मोडतो, इंग्रजी शिक्षकासाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात. तिथे आपला कोर्स कितीही चांगला असला तरी दार अडतं.

कुणी म्हणेल, धर्मानंद कोसंबींकडे कुठे पदवी होती? 1910 साली ते हार्वर्डला गेले, 'विसुद्धिमग्ग'च्या पाली संहितेवर काम करायला. खरं आहे. पण त्यांचं ज्ञान तपासू शकतील असे पालीचे जाणकार तिथे बसले होते. शाळेचं तसं नाही. आठ वर्षांच्या पोराचा बाप शिक्षकाची परीक्षा घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने राज्य ती घेते. परवाना हा आपल्यावरचा अविश्वास नव्हे, त्या मुलाची ती राखण आहे. हे पटलं की अटींचा राग येत नाही.

आता पैशाचं बोलू. आपल्याकडे हा खर्च कांद्या-टोमॅटोच्या पट्टीतून होतो, नाहीतर जमीन तारण ठेवून. म्हणून नियम माहीत हवेत. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कोर्सच्या फीला मात्र ही मर्यादा नाही. म्हणून "कोर्स करा, नोकरी आमच्याकडे लागली" असं दोन्ही एका तोंडाने सांगितलं जात असेल, तर तिथे थांबा. नोकरीचं पत्र शाळेच्या नावाने आहे का ते बघा आणि त्या शाळेला स्वतः विचारा.

शेवटचा मुद्दा परतीचा. आई-वडील थकले, काम संपलं, तर परत यावं लागेल. आपल्याकडच्या सरकारी शाळेत आठवीपर्यंत शिकवायला मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि टीईटी लागते. ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं. परदेशी कोर्स इथे बी.एड.ची जागा घेईल असं धरून चालू नका. म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने आधी इथलं नियमित, मान्यताप्राप्त बी.एड. करावं. बाहेर जाण्याचे बहुतेक मार्ग तिथूनच निघतात आणि परतीचाही तिथेच येऊन मिळतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी देश, मग कुठल्या वयाच्या मुलांना कुठला विषय शिकवायचा ते. मग त्या देशाच्या परवाना देणाऱ्या कार्यालयाचं मूळ नियमपत्रक स्वतः वाचायचं, कारण अटी बदलत असतात. आपल्याकडे त्यातलं काय आहे आणि काय कमी आहे, ते कागदावर मांडायचं. जे कमी असेल तेवढंच विकत घ्यायचं. इंग्रजी जड गेलं तर गावातल्या शिक्षकाला शेजारी बसवून वाचा, पण वाचा. फी त्यानंतर भरायची.