त्रिफळेचा भाव
हिरडा, बेहडा, आवळा ही त्रिफळा चूर्णाची तिन्ही फळं गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात मिळतात. वाळलेल्या हिरड्यावर उभ्या कडा उठतात. बेहडा करडा, मखमली दिसतो.

२०२० च्या केंद्रीय दरपत्रकात हिरड्याचा हमीभाव किलोला फक्त १५ रुपये होता, बेहड्याचा १७. चारोळीचा मात्र १२६.

हिरडा-बेहड्यासारख्या गौण वनोपजाची मालकी २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाकडे आली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला.

औषध कंपन्यांनी लाभातला वाटा द्यावा, असं २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो. ग्रंथात नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला मात्र २०२३ च्या दुरुस्तीने त्यातून सूट दिली. त्रिफळा तर चरकसंहितेपासून नोंदलेली! म्हणूनच गोळा करणाऱ्यांसाठी हमीभाव आणि वेळेवर उघडणारं खरेदी केंद्र जास्त मोलाचं.