हळू फिरणारा शाफ्ट का तुटला?

एका गावी पिठाच्या गिरणीत आम्ही दळण घेऊन गेलो, तर गिरणी बंद. शाफ्ट तुटला होता. मालक म्हणाले, "सर, पीठ फार तापायचे म्हणून शाफ्टवर मोठी पुली बसवून वेग कमी केला. वेग कमी म्हणजे शाफ्टला त्रासही कमी. मग तीन महिन्यांत तुटला कसा?" दळण पूर्वीइतकेच निघावे म्हणून ते दाणे जास्त सोडत आणि मोटर पूर्ण भारावर चालवत. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शालेय भौतिकीच्या आधाराने शोधता येते.

शाफ्ट शक्ती वाहून नेतो ती पिळाच्या रूपाने. एका टोकाला पट्टा त्याला फिरवतो, दुसऱ्या टोकाला जाते त्याला अडवते. या दोहोंमध्ये शाफ्ट ओल्या धोतरासारखा पिळला जातो. बल आणि अक्षापासूनचे त्याचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे पीळ-परिबल. त्याला आपण 'प' म्हणू. सरळ रेषेतील गतीत शक्ती = बल × वेग, तसेच येथे शक्ती = प × कोनीय वेग. म्हणजे शक्ती तीच ठेवून वेग निम्मा केला, तर पीळ दुप्पट होतो. सायकलवरून चढ चढताना पाय हळू फिरतात, पण पॅडलवर जोर किती द्यावा लागतो हे सर्वांना ठाऊक आहे.

गिरणीची मोटर १० अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७५०० वॅटची होती. पट्ट्यातील घट सोडून देऊ. शाफ्ट पूर्वी मिनिटाला ७२० फेरे घेई, तेव्हा पीळ सुमारे ९९ न्यूटन-मीटर होता. ४८० फेऱ्यांना तो १४९ न्यूटन-मीटर झाला. वेग घटला आणि पीळ दीडपट वाढला!

आता शाफ्टच्या आत डोकावू. प्रयोगशाळेतील बर्नरची रबरी नळी घ्या, तिच्यावर शाईने लहान लहान चौरस आखा आणि नळी पिळा. चौरस तिरके होतात. शाफ्ट म्हणजे एकाला एक चिकटवलेल्या पातळ चकत्यांची चळत मानली, तर प्रत्येक चकती शेजारच्या चकतीवरून किंचित सरकू पाहते. कात्रीची दोन पाती अशीच एकमेकांवरून सरकतात. म्हणून या सरकण्याला विरोध करणाऱ्या, दर एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बलाला 'कर्तन प्रतिबल' म्हणतात. चकती फिरते तेव्हा मध्यबिंदू जागचा हलत नाही आणि कडेचा बिंदू सर्वांत जास्त सरकतो. त्यामुळे प्रतिबल मध्याशी शून्य आणि पृष्ठभागावर सर्वाधिक असते.

जाडीचा फायदा दोन वाटांनी होतो. व्यास वाढला की क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि त्यातील बलांना अक्षापासून लांब तरफही मिळते. म्हणून शाफ्टचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. भरीव गोल शाफ्टसाठी सूत्र असे :

सर्वाधिक कर्तन प्रतिबल = १६ × प ÷ (पाय × व्यासाचा घन)

गिरणीचा शाफ्ट २५ मिलिमीटरचा होता. पूर्वीचे प्रतिबल येते सुमारे ३२ मेगापास्कल, आणि नवे सुमारे ४९. साध्या पोलादी शाफ्टला चावीची खाच असेल तर ४० मेगापास्कलच्या पुढे जाऊ नये, असा अभियंत्यांचा एक प्रचलित नियम आहे. मालकांनी ही रेघ नकळत ओलांडली होती.

४० ही काही पोलाद तुटण्याची मर्यादा नव्हे; ती बरीच वर असते. मग शाफ्ट तुटला का? तुटलेला तुकडा पाहिला, तर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यापासून गुळगुळीत भाग पसरलेला होता आणि उरलेला भाग खरखरीत होता. ही थकव्याची खूण. खाचेच्या कोपऱ्यात प्रतिबल एकवटते. शिवाय पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट वाकतो, आणि तो फिरत असल्यामुळे हे वाकणे प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट होते. तासाला २८,८०० वेळा! बारीक तडा हळूहळू वाढतो आणि एके दिवशी उरलेला भाग भार पेलू शकत नाही.

पिळाचा कोनही पाहिला पाहिजे. तो पिळाच्या आणि लांबीच्या सम प्रमाणात, पण व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे नाते फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यांनी धातूच्या तारांवर प्रयोग करून १७८४ मध्ये मांडले. अशाच पिळणाऱ्या तारेचा तराजू करून त्यांनी पुढच्याच वर्षी विद्युतभारांमधील बल मोजले. सूत्र असे :

कोन (रेडियन) = ३२ × प × लांबी ÷ (पाय × दृढता गुणांक × व्यासाचा चतुर्थ घात)

पोलादाचा दृढता गुणांक सुमारे ८०,००० मेगापास्कल आहे. त्यावरून २ मीटर लांबीचा हा शाफ्ट सुमारे साडेपाच अंशांनी पिळला जात होता. ३० मिलिमीटरचा शाफ्ट घातला तर प्रतिबल २८ मेगापास्कलवर उतरते आणि पीळ २.७ अंशांवर. व्यास फक्त एक पंचमांशाने वाढला, पण पिळाचा कोन निम्म्याहून कमी झाला. वजन मात्र ४४ टक्क्यांनी वाढले. हेच गणित कागदावर मांडून आम्ही मालकांना दिले, आणि खाचेचे कोपरे लेथवाल्याकडून गोलसर करून घ्यायला सांगितले.

वजन वाचवायचे असेल तर? मधला भाग फारसे काम करीत नाही, हे आपण पाहिलेच. शाफ्टला निम्म्या व्यासाचे भोक पाडले तर वजन २५ टक्के घटते, पण बळ फक्त सव्वासहा टक्के. ट्रकखाली इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट पोकळ असतो तो याचसाठी.

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. खडू दोन्ही हातांनी धरून, न वाकवता, सावकाश पिळा. तो आडवा तुटत नाही. सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटतो. नळीवरचे तिरके झालेले चौरस आठवा : त्यांचा एक कर्ण लांबला होता. खडू ताणाला दुबळा, म्हणून तो त्या कर्णाला काटकोनात तडकतो. मऊ पोलाद कर्तनाला दुबळे, म्हणून पिळून पिळून तोडलेला पोलादी गज बहुधा सरळ आडवा तुटतो. मुलांच्या हातात दोन-दोन खडू द्या, आणि तुटण्याची दिशा आधी ओळखायला सांगा.