पेशीतला मार्का : युबिक्विटिन

सुरतेच्या रिंग रोडवर आपण रोज पाहतो, पार्सलवरचा मार्का बघूनच माल कुठे न्यायचा ते ठरते. आपल्या पेशींतही असेच चालते. खराब झालेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनाची साखळी जोडली जाते. तो मार्का ओळखून प्रोटिएसोम त्या प्रथिनाचे तुकडे करते. युबिक्विटिन मात्र सुटून पुन्हा कामाला लागते. या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरचे बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिएसोमच रोखते. मग टाकाऊ प्रथिने साचून कर्करोगाच्या पेशी मरतात. आपल्यापैकी कुणाच्या घरी हे नाव कानावर आले, तर ते नेमके काय करते हे आता आपल्याला ठाऊक असेल.