शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या दाखल्यावर शेवटी शेवटी एक रकाना असतो : 'शाळा सोडल्याचे कारण'. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो कधी वाचलाही नसेल. आमच्या छोट्या शाळेत दाखले लिहायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मला तो रकाना भरावा लागतो. बदली झाली, गावी गेले, असं काहीबाही लिहायचं आणि सही करायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दाखला न्यायला आली. सोबत तिचे बाबा होते. गंगापूर रोडच्या एका वळणावर त्यांची इस्त्रीची गाडी असते. जवळच्या गावठाणात ते सगळे पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहायचे. मालकाने त्या खोल्या पाडून इमारत बांधायला दिली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली होती.

मी पेन उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत किती छान रस्ता झाला! दिवे पण लागले. मग आम्हीच का जायचं?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मला बरीच पुस्तकं चाळावी लागली. जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

मळ्यांचा रस्ता

आधी आपल्या गंगापूर रोडची ओळख करून घेऊ. नाशिकच्या अशोक स्तंभापासून हा रस्ता पश्चिमेकडे निघतो. के.टी.एच.एम. कॉलेज, आनंदवल्ली, सोमेश्वर करत करत गंगापूर गाव आणि धरणाकडे जातो. गोदामाई त्याच्या सोबतीने वाहते. आनंदवल्ली हे नाव राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून पडलं, बरं का!

इथे पूर्वी मळे होते. भाजीपाला, ऊस आणि द्राक्षं. १९६५ साली गंगापूर धरण पूर्ण झालं. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि आसपासची खेडी शहरात आली. हळूहळू मळ्यांचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले आले, आणि आता बंगले पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत.

आणि मी स्वतः? माझं लहानपण जुन्या नाशकातल्या एका वाड्यात गेलं. एका चौकाभोवती सहा बिऱ्हाडं. एक शिंपीकाका, एक भांडीवाले, एक पोस्टमन, प्रत्येकाचं काम वेगळं आणि सणाची पद्धतही वेगळी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या खालाकडून ईदला शीरखुर्मा यायचा आणि आमच्याकडून तिच्याकडे फराळाचं ताट जायचं. पुढे वाडा मोडकळीला आला आणि आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो. शेजारचे आजोबा सांगतात, आमची इमारत आहे तिथे द्राक्षबाग होती. म्हणजे इथे नव्याने आलेल्यांत मीही आहेच की!

लंडनचा शब्द

१९६४ साली रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या काही वस्त्यांबद्दल लिहिलं. त्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या कामगार राहत होते. मग खात्यापित्या घरची माणसं तिथली जुनी घरं घेऊन दुरुस्त करू लागली. वस्ती देखणी झाली, पण जुने कामगार एकेक करून निघून गेले. या बदलाला त्यांनी नाव दिलं जेंट्रिफिकेशन. जेंट्री म्हणजे प्रतिष्ठित, सुखवस्तू लोक. आपण साध्या मराठीत म्हणू, 'वस्ती सुधारते आणि वस्तीतली माणसं हलतात.'

हे घडतं कसं? रस्ता, पाणी, दिवे आले की तिथे राहावंसं वाटणारे वाढतात. त्यामुळे जागेचा भाव वाढतो. आता नीट लक्ष द्या. ज्याच्या नावावर जागा आहे, त्याला त्या भावाचा फायदा होतो. जो भाड्याने राहतो, त्याला मात्र तोच भाव घराबाहेर काढतो. दुकानांचंही तसंच. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्तीचं दुकान, चहाची टपरी यांना वाढलेलं भाडं परवडत नाही. कुणी कुणाला हाकललेलं नसतं, तरी माणसं जातात.

गिरण्यांचा भोंगा थांबला

आपल्या महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मुंबईचं गिरणगाव. लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा भाग.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात निघाली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कामासाठी माणसं आली. कोकणातून आली, साताऱ्याकडून घाटावरून आली, तेलंगणातले विणकर आले, उत्तर प्रदेशातूनही आली. एका छोट्या खोलीत कितीतरी जण पाळीपाळीने झोपत. घरापासून लांब राहणाऱ्या या माणसांना खानावळवाल्या बायका जेवू घालत. चाळीच्या लांब गॅलरीत भजन, दशावतार, शाहिरी, क्रिकेट, सगळंच रंगायचं. वेगवेगळ्या बोलीची, जातीची, धर्माची माणसं एकाच भोंग्यावर उठत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही. असंख्य कामगार बेकार झाले आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या मधोमध!

१९९१ च्या नियमात या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते : एक मोकळ्या मैदानांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली आणि लोकांचे दोन वाटे अगदी लहान झाले. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तिथे काचेच्या इमारती आणि मॉल दिसतात. फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमध्ये गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. चिमणी राहिली, पण तिच्याखाली राबलेली कितीतरी कुटुंबं विरार, डोंबिवली, बदलापूरकडे गेली. गिरण्यांच्या जागेवरच्या घरांसाठी लाखाहून जास्त कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. घरं मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

मग सुधारणा नकोच का?

असं मुळीच नाही! गळकं छप्पर आणि सामायिक संडास कुणाला हवेत? आमचा वाडा मला कितीही आवडत असला, तरी पावसाळ्यात आई रात्रभर जागी असायची, भिंत खचेल म्हणून.

प्रश्न एवढाच, की सुधारणा झाल्यावर जुन्या माणसांना तिथेच राहता येईल का? तसं करता येतं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे १९२० च्या दशकात सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता त्यांतल्या काही पाडून त्याच जागेवर रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर देण्याचं काम सुरू झालं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. उंच इमारतीचा दरमहा खर्च झेपेल का, ही काळजी अजून आहेच. तरीही घर मोठं झालं आणि पत्ता तोच राहिला, ही काही लहान गोष्ट नाही.

आता तुमची पाळी

या रविवारी आई-बाबांना सोबत घेऊन आपल्या गल्लीचा एक नकाशा काढा. इस्त्रीवाले काका, दूधवाले, भाजीवाल्या मावशी, वॉचमन दादा, या सगळ्यांची जागा त्यात दाखवा. मग त्यांना विचारा, "तुम्ही राहता कुठे? किती वर्षांपासून? इथे यायला किती वेळ लागतो?" उत्तरं नकाशाच्या मागे लिहा आणि आई-बाबांना दाखवा. सोसायटीच्या मिटिंगमध्ये मोठी माणसं रंग, लिफ्ट, पार्किंग यांवर बोलतात. टपरी हटवायची की कोपऱ्यात जागा करून द्यायची, हेही तिथेच ठरतं. त्या वेळी तुमचा नकाशा टेबलावर असू दे.

त्या मुलीचे बाबा अजून रोज सकाळी सायकलने येतात. नव्या इमारतींमुळे त्यांच्याकडे कपडे वाढले आहेत. मीही त्यांच्याकडेच देते. ते येतात, पण लेक इथल्या शाळेत येऊ शकत नाही. परवा म्हणाले, "बाई, नव्या शाळेत तिचं मन रमतंय हळूहळू. पण तुमची आठवण काढते."

तिच्या दाखल्यावर मी लिहिलं होतं, 'स्थलांतर'. रकाना लहान होता. त्यात मावलं नाही ते आज इथे लिहिलं.