स्त्रियांमधील हृद्रोग : सूचक लक्षणे

छातीतील वेदना हे हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमुख लक्षण स्त्रियांतही आढळते. परंतु तिच्या जोडीने, क्वचित तिच्याविनाही, जबडा, मान वा पाठ दुखणे, श्वास लागणे, मळमळ व अकारण थकवा ही लक्षणे त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. अशी रुग्णा आपल्याकडे बहुधा ‘पित्त झाले’ म्हणूनच येते! ती रजोनिवृत्त, मधुमेही, अथवा गर्भारपणी रक्तदाब वाढलेली असल्यास अम्लपित्ताचे निदान सर्वांत शेवटी करावे. सूतशेखराने उपशय मिळाला, एवढ्यावर निश्चिंत राहणे घातक होय. ईसीजी १० मिनिटांत काढावा. तो प्राकृत आला तरी ट्रोपोनिन तपासणी, आवश्यक तर पुन्हा, व्हावीच. रुग्णेला दुचाकीवरून न धाडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.