संगणक दुरुस्तीचा अभ्यासक्रम निवडताना

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंडमधील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत संगणक, प्रिंटर व नेटवर्क चालू ठेवणारी माणसे लागतात. त्या कामाला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम पुरत नाही. तो संगणक वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नव्हे. आयटीआयचा 1 वर्षाचा ‘कोपा’ ट्रेडही मुख्यतः ऑपरेटर घडवतो. दुरुस्तीसाठी हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा ट्रेड अधिक नेमका. खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथली प्रयोगशाळा जरूर पाहावी. विद्यार्थ्याला स्वतः रॅम काढून बसवता येते का, कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकता येते का, केबलच्या आठ तारा रंगांच्या क्रमाने लावून कनेक्टर क्रिंप करायला मिळतो का? नुसत्या फळ्यावरच्या आकृत्यांनी हात बसत नाही. प्रमाणपत्र सरकारमान्य आहे की फक्त संस्थेचे, हेही लेखी विचारून घ्यावे.